गुंतवळ

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर कुडाच्या भिंतीत, दाराच्या उजव्या हाताला, एक फट आहे. घरातली बाई केस विंचरते, फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळते आणि ते गुंतवळ त्या फटीत खोचून ठेवते. केसांवर फुगे किंवा स्टीलची वाटी देणारा फेरीवाला आला की ते त्याच्या पिशवीत जातं. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या ओट्यावर बसले होते तेव्हा फट भरून गुंतवळ बाहेर लोंबत होतं.

"होळीपर्यंत एवढंसं निघायचं," बोटाचं पेर दाखवत ती म्हणाली. "आता आठ दिवसांत मूठ भरते." मांडीवर चार महिन्यांचं पोर दूध पीत होतं. नवरा वसईला रंगकामाला जातो, भातलावणीसाठी घरी आला होता. येताना त्याने बायकोसाठी बाटली आणली होती. साठ कॅप्सूल, किंमत दीड हजाराच्या घरात. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती, म्हणजे जवळजवळ पाच दिवसांचा घाम. त्याने ती प्रेमाने आणली होती आणि तिनेही ती प्रेमानेच फडताळावर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली होती, न उघडता.

"ताई, हे खाऊ का? अंगावर पाजते ना मी."

बाटली हातात घेऊन मी वाचत गेले. भृंगराज, शतावरी, अश्वगंधा, आवळा. मग सॉ पामेटो, बायोटिन, सेलेनियम. खाली ठळक अक्षरांत: हार्मोनचं संतुलन राखते. त्याच्याही खाली, हिरव्या पानाच्या चित्राशेजारी: शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत. समोर भाताच्या बांधावर माका पावसात माजला होता. माका म्हणजेच भृंगराज. मागच्या टेकाडावरच्या जाळीत शतावरी होती, तिचे कोवळे कोंब या घरात भाजी म्हणून शिजतात. तिच्याच बांधावरचं आणि जाळीतलं नाव शहरात जाऊन, बाटलीत बंद होऊन, पाच दिवसांच्या मजुरीला तिच्या फडताळावर परत आलं होतं.

त्या दिवशी मी तिला जे सांगितलं ते थोडक्यात होतं. पण त्या लेबलावरच्या दोन ओळी मला सोडत नाहीत, कारण त्या एकमेकींच्या शेजारी उभ्या राहूच शकत नाहीत. हार्मोन बदलते, आणि दुष्परिणाम नाहीत. हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप. तो रक्तातून फिरतो, आणि ज्या ज्या पेशीला तो ऐकू येतो ती ती पेशी त्याप्रमाणे वागते. केसाच्या मुळाला ऐकू जाईल पण गर्भाशयाला, स्तनाला, यकृताला, थायरॉइडला ऐकू जाणार नाही असा निरोप शरीरात नसतो. जी वनस्पती खरोखर हार्मोन हलवते ती औषध आहे. तिला औषधाची मात्रा लागते, औषधाचे इशारे लागतात, कुणी घेऊ नये हे सांगावं लागतं. आणि जी हलवत नाही तिच्या बाटलीवर तसं लिहिणं खोटं आहे. दोहोंपैकी एक काय ते ठरवा, एवढीच माझी मागणी आहे. आज बाजार परिणामाचं श्रेय घेतो आणि परिणामाची जबाबदारी मात्र निसर्गावर सोडून देतो.

केस आणि हार्मोन यांचं नातं खरं आहे, म्हणूनच हा शब्द इतका विकला जातो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने 1942 साली एक निरीक्षण मांडलं. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस मागे हटू लागतात, इतरांचे हटत नाहीत. म्हणजे वारसा आणि हार्मोन, दोन्ही लागतात. पुढे 1974 मध्ये ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे काही मुलं जन्मतः मुली वाटत, मुलींसारखी वाढत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषपण प्रकटत असे. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करणारं एक विकर त्यांच्यात जन्मतः कमी होतं. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली आणि त्यांना टक्कलही पडलं नाही. त्या खेड्याने दाखवलेल्या वाटेवरून फिनास्टेराइड आलं. अमेरिकेत 1992 साली त्याला प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली, आणि 1997 साली कमी मात्रेत पुरुषांच्या टकलासाठी.

हे औषध काम करतं, आणि काम करतं म्हणूनच त्याच्याबरोबर सूचनांचा कागद येतो. गर्भवतीने त्याची तुटलेली गोळी हातातही धरू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत ते बदल करू शकतं. पुरुषांमध्ये प्रोस्टेटची रक्ततपासणी त्याने निम्म्यावर येते, म्हणून डॉक्टरला सांगावं लागतं. आता सॉ पामेटो घ्या. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर वाढणारी ही एक खुजी ताडाची जात. तिच्या फळाचा अर्क फिनास्टेराइडसारखंच, त्याच विकरावर काम करतो म्हणून विकला जातो. प्रोस्टेटच्या त्रासावर त्याच्या ज्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या 2006 आणि 2011 साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत तो खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. समजा, तरीही तो केसांवर काम करतो असं कुणाचं म्हणणं आहे. मग फिनास्टेराइडचा इशारा त्यालाही लागू व्हायला हवा, आणि अंगावर पाजणाऱ्या, उद्या पुन्हा दिवस जाऊ शकतील अशा पंचवीस वर्षांच्या बाईच्या फडताळावर ती बाटली असता कामा नये. आणि काम करत नसेल तर तिच्या नवऱ्याचे पाच दिवस कुणी घेतले?

त्या बाईच्या डोक्यात डीएचटीचा काही प्रश्नच नव्हता. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे जे केस एरवी रोज थोडे थोडे गळाले असते ते वाढीच्या अवस्थेतच थांबून राहतात. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम उतरतं, ते सारे केस एकत्र विश्रांतीत जातात, आणि विश्रांतीचा काळ साधारण तीन महिन्यांचा असतो. म्हणून गळती सुरू होते ती बाळ तीन-चार महिन्यांचं होतं तेव्हा. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका म्हणतात की पोर आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात. हिशेब अचूक आहे. बहुतेकींत ही गळती पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबते आणि वर्षाच्या आसपास केस पूर्ववत होतात. तापानंतर, डेंग्यूनंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, उपासमारीच्या डाएटनंतर केस जातात ते याच रीतीने, दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा माणसाला तो ताप आठवतही नसतो.

औषधविक्रीच्या दृष्टीने याहून सोयीचा आजार नाही. गळती सर्वांत जास्त असते तेव्हा माणूस घाबरून बाटली आणतो, आणि त्याच सुमारास गळती उतरणीला लागलेली असते. तीन महिन्यांचा कोर्स संपतो तोवर नवे केस कपाळाशी लुसलुशीत उभे राहतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जातं. तो माणूस मग चार जणांना मनापासून सांगतो की मला गुण आला. खोटं तो बोलत नाही. पण त्याच्या खरेपणावर उभा राहिलेला बाजार खरा ठरत नाही. म्हणूनच अशा आजारात "मला फरक पडला" या वाक्याला पुरावा म्हणून जवळजवळ काही किंमत नाही. दोन गट लागतात, एकाला औषध, एकाला तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल, आणि केस मोजणाऱ्याला कुणाला काय दिलं ते ठाऊक नसणं. इतकं साधं काम करायला सवड नसेल तर दावा करायलाही असू नये.

इथे कुणी म्हणेल, नाही झाला फायदा, पण तोटा तर नाही ना? झाडपाला तर आहे. या एका वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या जाहिरातीने केलं नसेल. आणि हे वाक्य शहराचं आहे, जव्हार-मोखाड्याचं नाही.

पहिल्या पावसात या भागातल्या बायका शेवळं घेऊन बाजारात बसतात. शेवळाच्या वाट्याशेजारी काकडांचा वाटा असतोच, ती लहान आंबट फळं. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, काकडाच्या आंबटाने ती मरते. काकडं न घेता नुसती शेवळं घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विकणारी बाईच थांबवते. कडूकंदाची रीत तर याहून कडक आहे. कंद सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात बांधून ठेवायच्या. घाई केली तर पोटात कालवतं, ओकाऱ्या होतात. टंचाईच्या महिन्यांत ज्या माणसांनी असे कंद खाऊन दिवस काढले, त्यांना जंगल नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं कधी वाटलं नाही. कुठलं मूळ, कुठल्या महिन्यात, किती, कशाबरोबर, आणि कुणाला नाही, हे सगळं त्यांनी पिढ्यान् पिढ्या मोजून ठेवलं. गरोदर बाईला अमुक द्यायचं नाही हे पाड्यावरची सुईण आधी सांगते. बाटलीने या ज्ञानातलं फक्त वनस्पतीचं नाव उचललं. ती किती, कधी आणि कुणाला नाही, हे मागे टाकलं.

मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलते आहे असं कुणी समजू नये. नाडी धरून, जिभेकडे पाहून, झोप-भूक-मलाची चौकशी करून, या बाईला हे आणि त्या बाईला ते असं ठरवणारा वैद्य मी पाहिला आहे. त्याच्या पद्धतीत माणूस आधी येतो, काढा नंतर. कॅप्सूलच्या बाटलीत माणूसच नाही. वसईच्या रंगाऱ्याची बायको, दादरचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि नाशिकची रजोनिवृत्तीतली शिक्षिका, तिघांना एकच साठ कॅप्सूल. आयुर्वेदाच्या नावाने आयुर्वेदाचीच पहिली अट मोडलेली असते, आणि याचा राग सर्वांत आधी वैद्यांना यायला हवा.

करोनाच्या साथीत गुळवेलीचं काय झालं ते आठवून पाहा. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून कंपन्यांना पुरवली, त्यांच्या हाती पैसा आला, आणि ते फार चांगलं झालं. त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली आणि 2021 मध्ये ती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतल्या 43 रुग्णांची माहिती आली, आणि दिसलं की इजा झालेल्यांपैकी अनेकांत स्वतःच्याच यकृतावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचा आजार दबलेला होता, गुळवेलीने तो वर काढला. प्रतिकारशक्ती वाढवते या दाव्याचाच तो दुसरा चेहरा. आणि मंत्रालयाचा आक्षेप खरा धरला तरी तो बाजाराच्या बाजूने जात नाही. एक वेल दुसरीसारखी दिसते आणि पोत्यात मिसळते, हे खरं असेल तर बाटलीवरचं नाव कशाच्या भरवशावर वाचायचं?

अश्वगंधेचीही तीच कथा. तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडचं हार्मोन प्रमाणाबाहेर वाढल्याच्याही. डेन्मार्कने थायरॉइड आणि लैंगिक हार्मोनांवरच्या परिणामांचं कारण देऊन 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी योग्य की अती, यावर मतं वेगळी असू शकतात. पण थायरॉइड वाढलं तर केस गळतात, ही गोष्ट कुणालाच नाकारता येणार नाही. केसांसाठी घेतलेली कॅप्सूल केस घालवू शकते, आणि घेणारा मात्र आणखी एक बाटली आणतो.

त्या लेबलावरचे शेवटचे दोन घटक, बायोटिन आणि सेलेनियम, वनस्पती नाहीतच. पण मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटली. बायोटिन हे जीवनसत्त्व. साध्या जेवणातून ते पुरेसं मिळतं, कमतरता दुर्मीळ. केसांच्या गोळ्यांत मात्र ते गरजेच्या कित्येक पट घालतात. अनेक प्रयोगशाळांमधल्या थायरॉइडच्या तपासण्या बायोटिनवर आधारलेल्या रसायनांनी होतात, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की अहवाल चुकतो, थायरॉइड वाढलेलं नसताना वाढलेलं दिसतं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणी उलट खोटी कमी दाखवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला. म्हणजे केस का गळतात हे शोधायला रक्त तपासावं, आणि केसांच्याच गोळीने तो शोध वाट चुकावा. माझ्या एका नातेवाईक बाईंवर अशाच चुकीच्या अहवालावरून दोन महिने थायरॉइडचे उपचार झाले. काय गोळ्या घेता, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि केसांची गोळी ही गोळी आहे असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

सेलेनियमचं उदाहरण तर आपल्याच राज्यातलं आहे. डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की हातात केस, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, मुलं, म्हातारे, कुणी सुटलं नाही. अठरा गावांत मिळून 279 जण बाधित झाले. बातम्यांत 'टक्कल व्हायरस' असा शब्द आला आणि त्या शब्दाने केसांइतकंच नुकसान केलं. लोक त्या गावांकडे जाईनात, मुलं शाळा चुकवू लागली, सोयरिकी अडल्या. कुणी पाण्यावर संशय घेतला, कुणी शाम्पूवर. महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर, ज्यांना विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ओळखतो, त्यांनी लोकांच्या ताटाकडे पाहिलं. त्यांनी तपासून घेतलेल्या रेशनच्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, धुतलेल्या गव्हातही 13.61, सुरक्षित मानलं जाणारं प्रमाण मात्र 1.9 होतं. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं होतं आणि जस्त घटलेलं. गहू पंजाबातून आलेला होता, आणि तिथल्या काही पट्ट्यांतली जमीन सेलेनियमयुक्त आहे हे शेतीशास्त्राला जुनंच ठाऊक आहे.

शेगावच्या त्या माणसांनी कुठलीही गोळी घेतली नव्हती. त्यांनी रेशनची पोळी खाल्ली. पण ज्या मूलद्रव्याच्या अतिरेकाने त्यांचे केस गेले तेच मूलद्रव्य 'केस बळकट करणारं' म्हणून बाटलीच्या लेबलावर असतं. थोडं लागतं हे खरं, पण थोडं आणि फार यांच्यातलं अंतर सेलेनियमच्या बाबतीत फार अरुंद आहे. अमेरिकेत 2008 साली एका द्रवरूप पूरकात कारखान्यातल्या चुकीने ते लेबलापेक्षा सुमारे दोनशे पट पडलं, 201 लोक आजारी पडले आणि बहुतेकांचे केस गळाले. तिथे निदान कुणी तरी मोजलं. आपल्याकडे प्रत्येक खेपेला कोण मोजतं?

कायदा नाही असं नाही. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 यांच्या 'अनुसूची जे'मध्ये, ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये अशांच्या यादीत, टक्कल आहे, नवे केस उगवणं आहे, अकाली केस पिकणं आहे. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी लागावी म्हणून 2018 मध्ये नियम 170 आला. तो जुलै 2024 मध्ये केंद्राने वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, 2025 मध्ये ते प्रकरण निकाली निघालं. मधल्या काळात तीच बाटली अन्नपूरक म्हणून वेगळ्या परवान्यावर निघाली तर औषधाच्या बंधनांना वळसा पडतोच. मी कायद्याची जाणकार नाही, मला एवढंच दिसतं की हे सगळं चालू असताना बाटली मोखाड्यापर्यंत पोहोचली.

जव्हार-मोखाड्यात केसांकडे पाहण्याची एक वेगळी रीत आहे, आणि ती शहराने शिकावी असं मला वाटतं. इथले जुने डॉक्टर आणि अंगणवाडीच्या बाया मुलाचे केस पाहतात. तांबूस, विरळ, कोरडे, चिमटीत धरले तर न दुखता हातात येणारे केस म्हणजे मुलाच्या ताटात प्रथिनं नाहीत. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी 1930 च्या दशकात आजच्या घानामध्ये पाहिलेला क्वाशिओरकोर हाच. दुसरं मूल झाल्यावर आईच्या दुधावरून दूर झालेल्या पहिल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 साली कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं गेली तेव्हा या गावांचं नाव राज्याला कळलं. त्या मुलांचे केस आधी बोलले असतील, कुणी ते वाचले नाहीत.

मोठ्यांचेही केस बोलतात. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी. शरीराकडे लोह कमी पडलं की ते हृदय आणि मेंदू यांच्यासाठी राखून ठेवतं, केसांचा वाटा आधी कापतं, कारण केसांवाचून माणूस जगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि त्याआधीच्या फेरीपेक्षा तो वाढलेला होता. म्हणजे राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या गुंतवळाचं एक कारण त्यांच्या रक्तातच असू शकतं. आणि त्यांना विकलं काय जातं? हार्मोनचं संतुलन. हा शब्द ऐकायला शास्त्रीय आहे, थोडा गूढ आहे, आणि त्यात कुणाचाच दोष निघत नाही. रक्त कमी आहे म्हटलं की प्रश्न येतात: घरात शेवटी कोण जेवतं, पाळीत किती जातं, दोन बाळंतपणांत अंतर किती, लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या कुठे फेकल्या. हार्मोन म्हटलं की यातलं काहीच विचारावं लागत नाही.

त्या पाड्यावर मी तिला म्हटलं, बाटली उघडू नको. परत होत असेल तर दुकानदाराला दे. उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपास, आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही कर, कारण आदिवासी पट्ट्यात रक्त कमी असण्याचं ते वेगळं कारण असतं आणि त्याचे उपचार डॉक्टरलाच ठरवू दे. गर्भारपणात मिळाल्या तशा लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या थांबवल्यास का? तिने मान खाली घातली. अंगणवाडीतलं अमृत आहाराचं जेवण, भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तुझ्या हक्काचं आहे, जातेस का? "जाते, पण लावणीच्या दिवसांत नाही जमत. अंडं थोरल्याला देते." थोरला दोन वर्षांचा, दाराआडून आमच्याकडे बघत होता.

नवरा सगळं ऐकत होता. त्याला वाईट वाटलं हे मला दिसलं. "मग मी काय आणायला हवं होतं?" त्याने विचारलं, आणि त्यात तक्रार नव्हती. दीड हजारात या घरात महिनाभर रोज अंडी, शेंगदाणे आणि गूळ आले असते. मी हे बोलले, आणि बोलल्यावर वाटलं की उगाच बोलले, कारण बाटलीवर लिहिलेल्या दोन ओळींवर विश्वास ठेवणं हा त्याचा अपराध नव्हता. ज्यांनी त्या लिहिल्या, ज्यांनी त्या छापू दिल्या, ते मात्र त्या ओट्यावर नव्हते.

जेवायला थांबवलं तिने. फोडशीची भाजी होती, हरभऱ्याची डाळ घालून केलेली. फोडशी म्हणजे मुसळीच्याच कुळातलं पावसाळी रोप. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1955 साली बोरिवलीवरून ठेवलं. मुंबईच्या दाराशी वाढणारी ही वनस्पती, आता पुरुषांच्या शक्तीच्या गोळ्यांसाठी मुळासकट उपसली जाते. मूळ गेलं की झाड गेलं. इथे पहिल्या पावसात नुसती पानं खुडतात, आतला दांडा काढून टाकतात, आणि मुळं जमिनीत राहिल्याने पुढच्या मृगाला तीच जागा पुन्हा हिरवी होते. या बाईच्या हाताखाली ती वनस्पती भाजी आहे, बाटलीत ती दावा होते. भाजी म्हणून ती कुणाचं हार्मोन बदलत नाही, कुणाला तसं वचनही देत नाही, भाताबरोबर पोटभर जाते.

दिवाळीनंतर मी त्या वाटेने पुन्हा गेले तेव्हा घर बंद होतं. माणसं वीटभट्टीवर गेली होती. पण अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की बाईचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं होतं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जाताना तीन महिन्यांच्या बरोबर घेऊन गेली. थोरल्यालाही त्यांनी वजनाच्या यादीत घेतलं होतं आणि पावसाळाभर त्याला रोज अंडं, केळ आणि दोन वेळचा जादा आहार दिला होता. "त्याचे केस बघायला हवे होते तुम्ही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या भांगात बोट ठेवून मला दाखवू लागल्या, "इथवर काळेभोर, आणि इथून पुढे अजून तांबडे." केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यांच्या बोटाखालचं अंतर तीन सेंटिमीटर असेल.